पुढचा तिरका दात

अकरा वर्षं मी परमुलखात लोकांसाठी कवळ्या केल्या. हजारेक तरी तोंडं माझ्या हाताखालून गेली असतील. आणि साठी उलटली तशी माझ्याच हिरड्यांनी मला सोडलं. लेक म्हणाली, "आई, निदान तुला कवळी तरी चांगली मिळेल. तुला त्यातलं कळतं."

कळतं, हाच तर ताप होता. घराजवळच्या दवाखान्यातून आलेली कवळी तोंडात गेली आणि मला लगेच समजलं, ही करणाऱ्याने माझ्या तोंडाकडे एकदाही नीट पाहिलेलं नाही. दात कसे, कवायतीला उभे केल्यासारखे. बोलताना खटखट वाजायची, हसताना खाली यायची. मी तोंडावर हात धरून बोलायला लागले, मग बोलणंच कमी केलं. जावई खूश झाला असावा, पण गुणी आहे, दाखवलं नाही.

अशात मेणवालीचा निरोप आला. त्या देशात मी आणि ती एका खोलीत राहिलो, एकाच लॅबमध्ये काम केलं. मेणात दात बसवण्याचं काम तिचं, म्हणून ती मेणवाली. मी सगळं पट्टी लावून मोजायची, म्हणून मी फूटपट्टी. निरोप तिच्या स्वभावासारखाच होता : "महिनाअखेर लॅब बंद होतेय. मास्तर शेवटची कामं उरकताहेत. यायचं तर आत्ता ये, नंतर कुलूप बघायला येऊ नकोस."

मला लॅब बघायची नव्हती. मास्तरांना एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायची तेहेतीस वर्षं राहिली होती आणि मास्तर आता पंचाहत्तरीचे झाले होते. लेकीने तिकीट काढून दिलं. वीस तासांच्या प्रवासात मी ते वाक्य मनात इतक्यांदा म्हटलं की शेजारच्या बाईंना मी जप करतेय असं वाटलं. त्यांनी माझ्यासाठी दिवा बारीक केला.

ती गोष्ट अशी.

मी तिथे गेले तेव्हा तीस वर्षांची होते. नवरा गेलेला, सहा वर्षांची लेक माझ्या आईजवळ ठेवलेली. लॅबने मला सहा महिने अजमावून बघायचं ठरवलं होतं. त्यात एखादी तक्रार आली की परतीचं तिकीट, असं मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मास्तर तिथले मुख्य कारागीर. त्यांची एक रीत होती. कवळी करायला आलेल्या माणसाकडे ते दात असतानाचा एक जुना हसरा फोटो मागायचे. तो टेबलावर टाचणीने लावायचे आणि फोटोत असतील तसे दात बसवायचे. फट असेल तर फट. एक दात मागे असेल तर मागे. लोक म्हणायचे, अहो आता तरी सरळ करा, तर हे म्हणायचे, "महिनाभर वापरून बघा, मग सांगा." परत कोणी यायचं नाही.

माझे पाच महिने आणि वर एक आठवडा झाला होता. एका आजींची कवळी टेबलावर होती. फोटोत त्यांचा पुढचा एक दात शेजारच्यावर कललेला होता, कानात काही सांगत असल्यासारखा. मास्तरांनी मेणात तो तसाच बसवला, आजींच्या तोंडात घालून बघितला आणि ते जेवायला गेले. मला फक्त कडेचं मेण गुळगुळीत करायला सांगितलं होतं. पण तो दात बघून माझे हात शिवशिवायला लागले. कारण माझाही एक पुढचा दात अस्साच तिरका होता. शाळेत त्यापायी मी पुरेसं ऐकून घेतलं होतं, लग्न जमवताना तर दोन ठिकाणी त्याच्यावरून नकार आला होता. मला वाटलं, बिचाऱ्या आजींना कशाला ही पीडा परत? चाकूचं पातं तापवलं, दात फिरवला, सरळ केला. वर स्वतःवरच खूश झाले. मास्तरांनी कामाच्या गर्दीत पाहिलं नाही आणि मेणातली कवळी पुढे जाऊन पक्की झाली.

आठ दिवसांनी आजी-आजोबा आले. आजोबाच म्हणाले, "ह्या छान दिसतात हो, पण ह्या आमच्या नाहीत." आजींनी पदराने नव्हे, हाताने डोळे पुसले आणि कवळी काढून टेबलावर ठेवली. मालक बाहेर आले. "हा दात कुणी सरळ केला?"

माझी दातखीळ बसली. अगदी खरं सांगते, जीभ हलेना. डोळ्यांपुढे लेकीचा शाळेचा गणवेश आला. तेवढ्यात मास्तर मान वर न करता म्हणाले, "मी केला. म्हटलं, सरळ बरा दिसेल."

मालकांना ते रुचलं नाही. ज्या माणसाने स्वतः ती रीत घातली त्यानेच मोडावी, याचा त्यांना जास्त राग आला. मास्तरांचं टेबल काढून घेतलं आणि त्यांना वर्षभर प्लास्टरच्या खोलीत टाकलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्लास्टर कालवायचं आणि साच्यात ओतायचं, जे काम नवख्याला देतात. त्यांच्या बोटांना भेगा पडल्या. आजींची कवळी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत नव्याने केली, तिरक्या दातासकट. मला शेजारी उभं केलं आणि कसं करायचं ते दाखवलं. दात मी फिरवला होता हे त्यांना ठाऊक होतंच. त्या दिवशी टेबलावर आम्ही दोघंच तर होतो. पण त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मीही नाही. आधी नोकरीची भीती, मग लाज वाटायला लागली. पुढे मास्तर आपल्या टेबलावर परत आले तेव्हा वाटलं, आता कशाला उकरून काढायचं. मग आईला अर्धांगवायू झाला आणि मी घाईघाईत परतले. त्या अकरा वर्षांवर लेक शिकली, कमावती झाली, तिचं घर झालं. माझ्या घरातली एकेक वीट मास्तरांच्या त्या एका वाक्यावर उभी आहे आणि मी त्यांना साधं आभाराचं पत्रही लिहिलं नव्हतं.

विमानतळावर मेणवाली उभी होती. दुप्पट झाली होती. मला मिठी मारून म्हणाली, "तोंडावर हात काय धरतेस, लाजतेस की काय म्हातारपणी?" मी हात काढला. तिने बघितलं, धंद्यातलीच ती, एका नजरेत सगळं समजली. "कुणी केलं गं हे पाप?" एवढंच म्हणाली आणि माझी बॅग उचलली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेलो. तोच अरुंद जिना, तोच नाकात झोंबणारा वास. अर्धी टेबलं रिकामी, कपाटांवर दोऱ्या बांधलेल्या. पॉलिशवाला धावत आला. हा आमचा जुना विदूषक. चाळीस वर्षं यंत्राच्या घरघरीत काढून आता दोन्ही कानांत मशीन. "फूटपट्टी आली रे," असं ओरडला. मग आत बघून त्याची ती ठेवणीतली चेष्टा : "मास्तर, सरळ नका करू हां!" तेहेतीस वर्षं तो हे रोज म्हणत आला होता. मला कायम ते सुईसारखं टोचायचं.

मास्तर खिडकीजवळ बसले होते. वाळले होते, पण हात तसेच स्थिर. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "राहू दे, राहू दे. बस. लेक कशी आहे?"

लेकीचं सांगितलं, नातवाचं सांगितलं. मग श्वास घेतला आणि माझं वाक्य सुरू केलं. "मास्तर, त्या आजींचा दात..." इथवर आले आणि कवळी खटकन खाली उतरली. त्यांची भाषा बोलायची सवय गेलेली, जीभ आधीच अडखळत होती, त्यात हे. मी हाताने तोंड झाकलं. पुढचे शब्द आतच राहिले.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "काढ ती."

"मास्तर, मी वेगळं काही सांगायला—"

"आधी काढ. हे तोंडात घेऊन काय सांगणार आहेस?"

मला खुर्चीत बसवलं. मेणवालीने माप घ्यायची पेस्ट कालवली, मास्तरांनी ट्रे भरून माझ्या तोंडात दाबला. आता चार मिनिटं आ करून बसायचं, बोलायचं नाही, गिळायचं नाही. हजार लोकांना मी हे सांगितलं होतं. स्वतःवर आल्यावर कळलं चार मिनिटं किती मोठी असतात. आणि नेमकं तेव्हाच मास्तर पॉलिशवाल्याला म्हणाले, "भिंतीवरचा तो सगळ्यांचा फोटो काढ. त्यात ही हसलीय."

मी मान हलवली. नको, नको. हातांनी खुणा केल्या, सरळ रेघ काढून दाखवली.

"सरळच हवेत म्हणतेय," मेणवालीने भाषांतर केलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "एकदा मी एक दात सरळ केला होता. काय झालं ते माहितीय ना सगळ्यांना?"

पॉलिशवाला हसला. मेणवाली हसली. मास्तरांनी ट्रेवरचं बोट न हलवता माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनंतरही, मालक जाऊन जमाना झाला तरी, हा माणूस माझ्या चुकीवर पांघरूण धरून होता. आणि माझ्या तोंडात चिखलाचा गोळा. डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत वाहत गेलं.

"पेस्ट जास्त झाली वाटतं," मास्तर म्हणाले आणि रुमाल दिला.

दोन दिवस मी मेणवालीकडे राहिले. रात्री लवकर झोपायचो, पहाटे चहा पीत बसायचो. मी कवळी घालायची नाही, तिने हसायचं नाही, असा करार होता. तो तिने पाच वेळा मोडला. लॅबमध्ये मास्तर मला टेबलाजवळ फिरकू देत नव्हते. "गिऱ्हाईक तिकडे बसतं," म्हणायचे आणि दाराजवळची खुर्ची दाखवायचे. दुरून मला फक्त टाचणीने लावलेला फोटो दिसायचा. त्यात मी तेहेतीस... छे, एकतिसाव्या वर्षातली, तोंड उघडं टाकून हसत होते. पॉलिशवाल्याने काय विनोद केला होता देव जाणे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. दात मेणात बसवून झाले होते. पक्कं करण्याआधी मेणातली कवळी तोंडात घालून बघतात, गिऱ्हाइकाला बोलायला लावतात. 'स' म्हणताना शीळ वाजली तर पुढच्या दातांत काहीतरी चुकलेलं असतं. मी कवळी घातली. घट्ट, हलकी, जिथल्या तिथे. जिभेचं टोक पुढे गेलं आणि तिला तो दात लागला. माझा. शेजारच्यावर कललेला. ज्याला मी साठ वर्षं शिव्या घातल्या तो परत भेटल्यावर मला इतकं बरं वाटेल, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

आरसा बघायच्या आधीच मास्तर म्हणाले, "बोल काहीतरी. लांब वाक्य बोल."

मेणवाली आणि पॉलिशवाला बाजूला उभे होते. असू देत, म्हटलं. त्यांच्यासमोरच बरं.

"त्या आजींचा दात मी सरळ केला होता, मास्तर. सगळा दोष तुम्ही सोसलात. त्यावर माझा संसार उभा राहिला."

मास्तर मान कलती करून, डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "'स' जरा सुटतोय. काढ."

कवळी हातात घेतली, पातं तापवलं, दात केसभर फिरवला. गार पाण्यात बुडवून परत दिली. "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. या वेळी 'सोसलात'वर आवाज फाटला. त्यांनी पुन्हा काढायला लावली, पुन्हा पातं, पुन्हा पाणी. "हं. पुन्हा."

तिसऱ्यांदा मी ते सगळं स्वच्छ म्हटलं, भाजीचा भाव सांगावा तितकं सहज. तेहेतीस वर्षांचं ओझं, आणि तीन वेळा म्हटल्यावर त्यात जड असं काही उरलं नव्हतं.

"म्हणजे," पॉलिशवाला हळूच म्हणाला, "इतकी वर्षं मी ह्यांना फुकटच चिडवत होतो?"

"तू फुकटच पॉलिश करतोस, तसंच," मेणवाली म्हणाली. तिने डोळे पुसले.

मी मास्तरांना विचारलं, "का केलंत हो?"

"तुझी लेक तेव्हा केवढी होती?"

"सहा वर्षांची."

"मग?" ते म्हणाले. जणू हिशेब एवढाच होता आणि मलाच तो येत नव्हता. मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि प्लास्टरच्या खोलीला खिडकी होती. माझ्या टेबलाला नव्हती. परत आल्यावर मी भांडून हे खिडकीजवळचं टेबल घेतलं."

मी आरशात बघितलं. हसून बघितलं, तोंडावर हात न ठेवता. फोटोतली बाई म्हातारी होऊन समोर आली होती, पण तीच होती.

"झालं," मास्तर म्हणाले. "आता पक्कं करू. साच्याला प्लास्टर लागेल."

मेणवाली बाह्या मागे सारून उठली. मी तिला खाली बसवलं. "मी ओतते."

खुंटीवरचा एप्रन मी कमरेला बांधला आणि आतल्या खोलीत गेले. खिडकी खरंच होती. अकरा वर्षांत मी तिच्यातून कधी बाहेर बघितलं नव्हतं. भांडं घेतलं, पावडरचा डबा उघडला. मास्तर दारात येऊन टेकून उभे राहिले, नवख्या मुलीवर लक्ष ठेवतात तसे.

"आधी पाणी," ते म्हणाले. "पावडर नंतर."

"हो, मास्तर," मी म्हटलं, आणि आधी पाणी घेतलं.