प्रशिक्षणाआधीचे गुण

प्रकल्पप्रमुख रविराजने तीस फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि ते गुण शॅरननेच वाटले असावेत तसं तिच्याकडे पाहिलं.

"सरासरी ब्याण्णव? प्रशिक्षणाच्या आधीच?"

"त्यांना सगळं माहीत आहे, सर. सर्दीला अँटिबायोटिक देऊ नये, डोस अर्धवट सोडू नये, औषध टोचलेल्या गायीचं दूध काही दिवस वापरू नये. सगळ्यांनी बरोबर लिहिलंय."

"मग आपण शिकवलं काय म्हणून दाखवायचं? संध्याकाळी पुन्हा हीच परीक्षा आहे. ब्याण्णवाचे त्र्याण्णव झाले, तर पुढच्या वर्षी प्रकल्प मिळेल का? जेवणानंतर कोरे फॉर्म वाटा. जरा वाईट लिहा म्हणावं."

सुप्याच्या त्या हॉलमध्ये जिल्हाभरातून आलेल्या आरोग्यसेविका आणि जनावरांच्या दवाखान्यांतले कर्मचारी मठ्ठा पीत बसले होते. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंबद्दल या लोकांना किती कळतं, हे मोजायचं शॅरनचं काम. मोजायचं म्हणजे काय, तर साहेबाला हवा तो आकडा येईपर्यंत मोजत राहायचं. तिला शिसारी आली. नगरच्या एका इस्पितळात तिचे वडील, इसहाक गुरुजी, पाच दिवस पडून होते. पायाच्या जखमेतल्या पुवाचा रिपोर्ट सकाळीच हाती आला होता. अकरा औषधं तपासली, त्यातली नऊ निकामी. डॉक्टर रोज विचारायचे, आधी कोणतं औषध झालंय? ते कळलं तर उरलेल्या दोनांतलं कोणतं द्यायचं ते ठरवता येईल, नाहीतर सोमवारी पाय कापावा लागेल. गुरुजींचं रोज एकच उत्तर, "हळद लावली. दुसरं काही नाही."

जेवणं उरकल्यावर शॅरन माईकपाशी गेली.

"सकाळचे फॉर्म बाजूला ठेवलेत. पुन्हा भरायचे आहेत. या वेळी गुण जरा कमी यायला हवेत."

आधी कुणाला काही उमगलं नाही, मग हशा पिकला. निवृत्तीला आलेल्या आरोग्यसेविका छबूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "अवो ताई, आमाला बरोबर तेवढंच पाठ हाय. चुकीचं काय लिवायचं?"

"त्यात काय अवघड?" मागून आवाज आला. तो गहिनीनाथ. शॅरनच्याच गावचा, मिरजगावचा, गुरुजींच्या हाताखाली शिकलेला आणि आता घरोघरी जाऊन गायीम्हशींना इंजेक्शनं देणारा. "रोज करतो तेच लिवा की."

पुन्हा हसू उसळलं, पण ते लवकर विरलं. मग नुसती पेनं चालू लागली. सकाळी माना लांब करून शेजाऱ्याचं टिपणारी माणसं आता हाताने कागद झाकून लिहीत होती.

गोळा झालेले फॉर्म शॅरन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून वाचू लागली. दोन दिवसांत उतार पडला नाही तर आणखी जबर औषध देता का? होय. रुग्ण मागतो म्हणून देता का? होय, न्हाईतर तो दुसरीकडं जातो. मुदत संपलेली बाटली वापरता का? होय. औषध टोचलेल्या गायीच्या दुधाचं काय होतं? डेअरीत मशीन पकडतं, म्हणून घरी चहाला ठेवतात. आलागेला पाव्हनाही तोच पितो. शॅरनला गावोगाव प्यायलेले चहा आठवले. सरासरी एकेचाळीस. आज दिवसभरात लिहिलेलं खरं तेवढंच होतं, आणि ते लिहिलं होतं खोटं म्हणून.

जनावराचं औषध माणसाला दिलंय का, या प्रश्नाला सकाळी तिसांचं 'नाही' होतं. आता सात जण 'होय' म्हणत होते. त्यातल्या एकाने खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मिरजगावात आमच्या मास्तरांना. पायाला. चार दिस. गुन आल्ता.'

गहिनीनाथ नळावर तोंड धूत होता. तिने कागद त्याच्यासमोर धरला. त्याने ओल्या हातानेच तो घ्यायला बघितला.

"माझा कागद काढून घिऊ का, ताई? लिवायच्या भरात खरं लिवलं."

"माझ्या वडिलांना गायीचं इंजेक्शन दिलंत?"

"मास्तर सोताच दारात आलं. म्हनलं, नगरला गेलो तर शॅरनला कळंल, ती ह्याच कामात हाय, लई रागवंल. कुनाला सांगू नगं म्हनलं. मी न्हाई कसं म्हनू?"

त्याच्या तोंडावर थुंकावं असं तिला वाटलं. तिने पेन पुढे केलं.

"औषधाचं नाव लिहा. रोज किती टोचलंत तेही."

त्याने गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं.

"पाय ऱ्हाईल ना वो?" त्याने विचारलं. ती कागद घेऊन आत गेली.

रविराज खुशीत होता. "एकेचाळीस! झकास. हे 'आधी', आणि सकाळचे ब्याण्णव 'नंतर' म्हणून लावून टाकू. संध्याकाळची परीक्षाच नको, लोकांना लवकर सोडा." त्याने फॉर्म मोजले. "एकोणतीसच? एक कुठंय?"

"बाद झाला."

"मग तुम्हीच भरा एक. वाईट काय लिहायचं ते आता कळलंच असेल."

शॅरनने कोरा फॉर्म ओढला आणि न वाचताच खुणा करत सुटली. नवव्या प्रश्नावर पेन थांबलं. उरलेल्या गोळ्या घरातल्या दुसऱ्या कुणाला दिल्या आहेत का?

तिची दाढ दुखायची थांबली तेव्हा पाच गोळ्या उरल्या होत्या. गुरुजींच्या जखमेत पहिल्यांदा पू दिसला, तेव्हा तिनेच त्या त्यांना दिल्या होत्या. पाचही दिवस डॉक्टर विचारायचे तेव्हा ती खाटेशीच उभी असायची. गुरुजी हळद म्हणायचे आणि ती मान हलवायची. तिला स्वतःचीच किळस आली.

तिने 'होय'वर खूण केली. खाली गोळीचं नाव लिहिलं, पाच हा आकडा लिहिला, आणि तो कागद घडी करून गहिनीनाथच्या कागदासोबत पर्समध्ये ठेवला.

"एकोणतीसच राहू द्या, सर," ती म्हणाली, आणि नगरची गाडी पकडायला रस्त्यावर आली.