चार बटणांचं कुंकू

"दाबा ना मावशी. करंट नाही लागत," मी पुन्हा म्हणाले.

जमुनाबाईंनी बोट बटणाजवळ नेलं आणि मागे घेतलं. बोट ओलं होतं. दिवसभर फुलांवर पाणी शिंपडणाऱ्या बाईचा हात कधी कोरडा नसतो.

"पानी लागून बिघडलं तं? केशवभाऊ मले सोडन का?"

"पावसात भिजायलाच बनवलंय ते. ऊन, धूळ, पाणी, सगळं सोसतं."

"मंग मायासारखंच हाये," त्या म्हणाल्या. "पन मले असं कोनी भिंतीवर टांगत नाई."

मी बार्शीटाकळीची. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि अमरावतीत सुरक्षा उपकरणं बसवणाऱ्या एका दुकानात कामाला लागले. या तीन मजली कॉम्प्लेक्सचा जुना वॉचमन गावी गेला तो परत आला नाही. मग एका दुकानात चोरी झाली आणि मे महिन्यात बाहेरच्या लोखंडी दाराला चुंबकी कुलूप नि भिंतीवर आकड्यांची बटणं लावायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक दुकानदाराला आपापला नंबर. जमुनाबाई दाराशेजारच्या पायरीवर हार गुंफत बसायच्या. दुकानं उघडण्याआधी प्रत्येक शटरला त्यांचा हार लागलेला असे, म्हणून कॉम्प्लेक्सचे सेक्रेटरी केशवराव म्हणाले, "बाईले बी एक नंबर देऊन टाक."

जिन्याखालच्या संडासाबद्दल कोणी काही बोललं नाही. तोही दाराच्या आतच होता. वॉचमन होता तेव्हा जमुनाबाई उठल्या की तो सगळ्यांदेखत विचारायचा, "कावून, परत?" म्हणून त्या दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. हे त्यांनी मला सांगितलं ते तक्रार म्हणून नाही. फुलं सुकू नयेत म्हणून काय करतात ते सांगावं, तसं.

"आता चार आकडे मनात धरा," मी म्हणाले. "तोच तुमचा नंबर. कोणाला सांगायचा नाही."

"तुले बी नाई?"

"मलाही नाही."

"अन् घरच्या मानसानं इचारलं तं?"

"त्यांनाही नाही."

"माय व!" त्या खाली पायरीवर बसल्याच. "पोरी, मायं घर एका खोलीचं हाये. पेटीले कुलूप हाये, तं किल्ली सासूच्या कमरेले. मोबाइल पोराच्या हातात. मले आजलोक कोनी म्हटलं नाई, का जमुने, हे तुयं एकटीचं हाये, कोनाले सांगू नको."

त्या बराच वेळ विचार करत राहिल्या. मला पुढे धामणगावला एका कामाला जायचं होतं, पण घाई करवेना. शेवटी त्या उठल्या, बटणांवर वाकल्या आणि एकेक बटण असं दाबलं, जणू झोपलेल्या बाळाचं पोट चाचपून बघताहेत. हिरवा दिवा लागला. चुंबकाची पकड सुटल्याचा 'टक' असा आवाज आला आणि दार बोटभर पुढे आलं.

त्या आत गेल्या नाहीत.

"यानं मले ओयखलं?"

"तुम्हाला नाही, तुमच्या नंबरला. तुम्ही कोण, कुठल्या, ते त्याला माहीत नाही."

"चपलेचा चिखल नाई पाहत?"

"नाही."

"कावून आली, थे बी नाई इचारत?"

"नाही मावशी."

त्या बटणांच्या डब्याकडे अशा बघत राहिल्या, की मीही बघू लागले. खरं तर ते माझं रोजचं सामान. दहा हजार शक्यतांमधून एक बरोबर ओळखायची आणि माणसाला एकही प्रश्न न विचारता वाट मोकळी करायची. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण ते केवढं मोठं आहे, हे त्या सकाळी कळलं.

पावसाळ्यात दाराची बिजागरी सैल झाली म्हणून मी पुन्हा गेले. जमुनाबाईंनी मला लांबूनच हाक मारली. शेजारी पाण्याची बाटली होती.

"पोरी, आता मी पानी पेतो," त्या म्हणाल्या. पोराला नोकरी लागल्याचं सांगावं तशा सुरात.

दसऱ्याच्या सकाळी केशवरावांचा फोन आला. "आकांक्षा, लवकर ये. अख्खं कॉम्प्लेक्स बाहेर उभं हाये."

मी पोचले तेव्हा दारासमोर नवे कपडे घातलेले दुकानदार ताटकळत होते. कोणाच्या हातात पूजेचं ताट, कोणाच्या हातात आपट्याच्या डहाळ्या. पायरीवर झेंडूचा ढीग. बटणांच्या डब्यावर लालकेशरी झेंडूचा हार चढवलेला होता. आणि बटणांवर कुंकू होतं. सगळ्या नाही, फक्त चार बटणांवर. बाकीची स्टीलची बटणं पुसल्यासारखी स्वच्छ होती.

मला समजायला क्षणभर वेळ लागला. आपल्याकडे दसऱ्याला वजनकाट्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. जमुनाबाईंनीही ज्यानं आपल्याला आत घेतलं त्याची पूजा केली होती. जी बटणं आपल्या कामाला आली, नेमकी त्यांचीच.

माझं डोकं सवयीनं हिशेब करू लागलं. चार वेगळे आकडे, क्रम माहीत नाही. दहा हजार शक्यतांच्या उरल्या चोवीस. तो हिशेब चालू असतानाही मला त्या चार ठिपक्यांवरून नजर काढता येत नव्हती. अंगठीच्या बोटानं, नीट मधोमध लावलेलं कुंकू. एकही ठिपका ओघळलेला नव्हता.

"मले वाटलं, पाहू तं मावशीचा नंबर काय हाये," मोबाइल दुकानाचा शेखर हसत म्हणाला. "गंमत म्हनून दाबून पाहिलं."

गंमत वाढत गेली. चुका फार झाल्या की हे यंत्र स्वतःला बंद करून घेतं, आणि बंद असताना कोणी बटण दाबलं की पुन्हा पहिल्यापासून वाट बघायला लावतं. हे लोक घाबरून दाबतच राहिले होते.

"आता कोणीही हात लावू नका. थोडं थांबा, आपोआप सुरू होईल," मी म्हणाले.

"इतल्यासाठीच तुले बोलावलं का?" शेखर म्हणाला.

काही वेळानं डब्यावरचा लाल दिवा गेला. मी माझा मुख्य नंबर टाकला तसं दार सुटलं, पण आत कोणी गेलं नाही. केशवराव दारात उभे राहिले होते.

"पहिले बाईचा नंबर काढून टाक. बाजूले बेल लाव. जायचं असन तं वाजवायची, शेखरचा नोकर खोलून देईन."

पायरीखाली गिऱ्हाइकं झेंडूचा भाव विचारत होती. वर्षातला सगळ्यात मोठा धंदा, पण जमुनाबाईंनी तिकडे पाहिलं नाही.

"भाऊ, चुकलं मायं. नंबर फुटन हे ध्यानात नाई आलं," त्या म्हणाल्या. "हार मी देत जाईन. बाहेरून अडकवीन. पन बेल वाजवून मुतायले जानार नाई."

शेखर आपल्या नव्या बुटांकडे पाहू लागला.

"नंबर शोधत बसले शेखरभाऊ," दुसऱ्या मजल्यावर शिलाईचं दुकान असलेल्या रागिणीताई म्हणाल्या. "त्यायचा कावून नाई काढत मंग?"

"चोरी झाली तं जबाबदार कोन, रागिणीबाई?" केशवराव म्हणाले.

"काका, नंबर फुटला, माणूस नाही," मी म्हणाले. "नवा दिला की जुना बाद होतो. तशी सोय आहे यात."

केशवरावांनी जमुनाबाईंकडे पाहिलं. "अन् पुढच्या दसऱ्याले परत कुंकू लावशीन तं?"

"लावीन. डब्याच्या डोक्याले लावीन. बटनाले नाई."

केशवरावांना हसू येत होतं, ते त्यांनी मिशीत दाबलं. "दे बाप्पा नवा. मुहूर्त चालला."

मी बटणं ओल्या फडक्यानं पुसली, जुना नंबर काढला आणि यंत्र नव्या नंबरासाठी उघडं केलं. पिवळा दिवा लुकलुकू लागला.

"मावशी, चार आकडे."

त्यांनी बोट वर नेलं आणि थांबल्या. एका हातात झेंडूच्या माळा होत्या, दुसऱ्या हाताचं बोट हवेत, आणि अख्ख्या कॉम्प्लेक्सची नजर त्या बोटावर. त्यांनी मागे वळून एकदा सगळ्यांकडे पाहिलं.

आधी रागिणीताईंनी पाठ फिरवली. मग मी. मग शेखरनं, ताट सांभाळत. एकेक करत सगळे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. शेवटी केशवराव घसा खाकरून वळले.

"काय झालं भाऊ?" रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं स्कूटर हळू करत विचारलं.

"काई नाई," केशवराव म्हणाले. "जा तुमी."

पाठीमागे एक बीप वाजला. मग बराच वेळ काहीच नाही. बाई विचार करत होती. हातात आपट्याची पानं धरून आम्ही सगळे उभे होतो आणि कोणीही मागे वळून पाहत नव्हतं.