मला अख्खी ठेवू नका

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. दाराची नाही आणि कुत्र्याचीही नाही. बंदरात जहाजातला माल उचलणारी, अंगठ्याएवढ्या जाड कड्यांची. कारखान्यात मला ताणून पाहिलं आणि मी किती वजन पेलीन तो आकडा माझ्यावर कोरला.

मला रोज हुकाला अडकवत ते मामा. सगळे त्यांना मामाच म्हणत. आधी कडी न् कडी हाताने चाचपत आणि म्हणत, "चल गं बाई, सांभाळ." दर वर्षीच्या तपासणीत पास झालेल्या साखळ्यांना त्या वर्षाचा वेगळा रंग लागे. मी दर वेळी पास! जरा मिरवायचेही.

मामा पुढे साखळ्या ठेवायच्या कोठीचे राखणदार झाले. त्या वर्षी तपासनीस बाईंना माझ्या एका कडीत केसाएवढी चीर दिसली.

"ही बाद. आजच कापा. अख्खी राहिली तर कुणीतरी उचलेल."

"हो बाई," मामा म्हणाले. पण त्यांचा हात धजेना. त्यांनी मला कोपऱ्यातल्या खिळ्याला टांगलं.

बाकीच्या साखळ्या सकाळी जात, संध्याकाळी ग्रीस माखून परत येत. त्यांना यंदाचा हिरवा रंग लागला, माझा गेल्या वर्षीचा निळाच राहिला. मला कुणी विचारेना. गंजाने खाल्लं नसेल तेवढं मला एकटेपणाने खाल्लं.

एका दुपारी मामा जेवायला गेले होते. मुकादम घाईघाईने आला. "एकच तर खेप मारायची. ही काय, आयतीच आहे!"

खरं सांगते मित्रांनो, मला आनंद झाला. कुणीतरी हात लावला होता.

मालाची पेटी माझ्यावर तोलून वर उचलली तेव्हा चीर उघडू लागली. खाली क्रेनला इशारे करत मामांची लेक उभी होती. ओरडायला मला तोंड कुठे होतं? मी जिवाच्या आकांताने धरून राहिले. पेटी कशीबशी टेकली. मला सोडवायला आलेली पोर थबकली.

"अहो मुकादम, ही निळी कशी? यंदाचा रंग हिरवा ना?"

तिने मला उचलून कोठीत नेलं. "बाबा, ही कापली नव्हती?"

मामांनी माझ्यावरून हात फिरवला. बोट त्या कडीशी आलं आणि चिरेत रुतलं. "तू... खाली तू होतीस?"

आता त्यांनी कटर आणलाय, पण कडीला लावून परत मागे घेताहेत. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला सगळे सांगतात. मी मात्र विनवते, बाद झालेल्या साखळीवर दया करू नका. मामा, तुम्ही फार जीव लावलात. आता कापा, म्हणजे तुमची पोर रोज संध्याकाळी घरी येईल.