दुसऱ्याचा माल

आमच्या गावच्या बाजारात स्वतःचा माल स्वतः विकायचा नाही, हा जुना रिवाज. वर्षातून एकदा भरणाऱ्या या बाजाराची कमाई गावाच्या कामाला जाते. यंदा आगीच्या बंबाला नवीन टायर घ्यायचे होते. पूर्वी म्हणे जो तो आपल्याच मालाची एवढी टिमकी वाजवायचा, की गिऱ्हाइकं ऐकूनच दमायची आणि रिकाम्या हाताने घरी जायची. म्हणून चिठ्ठ्या आल्या. चिठ्ठीत ज्याचं नाव, त्याचा माल विकायचा. विकताना आधी एक खरा दोष सांगायचा, मग गुण. दोष लपवला, की शाळेच्या मोठ्या बाई घंटा बडवतात आणि सौदा रद्द होतो.

मी मातीची भांडी घडवते. यंदा मला थोरल्या जावेची, ताईंची, चिठ्ठी आली, आणि त्यांना माझी. सगळं गाव गालातल्या गालात हसलं. आमचा अबोला कुणाला ठाऊक नव्हता? गेल्या वर्षी ताई पाहुण्यांदेखत म्हणाल्या होत्या, "हिची किटली गळते." माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की मी बोलणंच टाकलं. त्याही हट्टाच्या पक्क्या. घरं भिंतीला भिंत लागून, पण निरोप आमचे नवरे, दोघे भाऊ, पोचवायचे आणि निम्मे वाटेतच विसरायचे. खरं सांगू? मला ताईंवाचून अजिबात करमत नव्हतं. त्यांनी चारचौघांत तो शब्द मागे घ्यावा, एवढंच मला हवं होतं.

मी त्यांचे स्वेटर मांडले. समोरच्या टेबलावर त्यांनी माझ्या किटल्या मांडल्या. माझ्याकडे पहिला आला बेकरीवाला.

"हं, दोष सांगा."

ही संधी मी सोडते होय! "दोन्ही बाह्या कधी एका मापाच्या नसतात," मी चांगलं खणखणीत सांगितलं.

"आणि गुण?"

मी स्वेटर हातात घेतला. माझी मुलगी लहानपणी सारखी खोकायची, तेव्हा ताईंनी रात्री जागून तिला असाच एक विणून दिला होता. "थंडीची काय बिशाद आत शिरायची," मी म्हणाले. बेकरीवाल्याने दोन घेतले.

तेवढ्यात समोर गर्दी झाली. न्हावी मुद्दाम मोठ्याने विचारत होता, "ही गळते ना हो? तुम्हीच म्हणाला होता!"

मी कान टवकारले. ताईंनी किटलीत पाणी ओतलं, ती सगळ्यांसमोर उंच धरली आणि तिच्या बुडावरून कोरडा हात फिरवून दाखवला. "नाही गळत. त्या दिवशी मी चोचीच्या वरपर्यंत भरली होती. पाहुणे गेल्यावर ध्यानात आलं. पण मग सांगायला तोंड कुठे होतं मला?"

माझे डोळे भरून आले. मोठ्या बाई मात्र नियमाच्या पक्क्या. "हा गुण झाला. दोष?" त्यांनी घंटा उचलली.

ताई किटली उलटीपालटी करून बघू लागल्या. झाकण बसवून पाहिलं, चोचीत डोकावल्या. दोष काही सापडेना, आणि न्हावी पैसे परत खिशात घालू लागला. मला राहवेना. टेबल तसंच टाकून मी धावले आणि ओरडले, "अहो ताई, मूठ तापते! मूठ!"

"हो की!" ताईही ओरडल्या. "मूठ तापते! हात भाजतो चांगला!"

वर्षभरात आम्ही एकमेकींशी बोललेले हे पहिले शब्द. गाव खदाखदा हसलं, न्हाव्याने किटली घेतली, आणि मोठ्या बाईंनी घंटा खाली ठेवून चष्मा पुसला.

ताईंनी माझा हात घट्ट धरला होता. मग एकदम डोळे वटारले. "बाह्या एका मापाच्या नसतात म्हणालीस ना? ऐकलं मी."

"नसतातच मुळी!"

"अगं, माणसाचे हात तरी कुठे अगदी सारखे असतात?"

"म्हणजे चूक हातांची?"

"मग काय माझी?"

माल संपेपर्यंत आम्ही अशा भांडत होतो. भांडण ऐकायला लोक थांबत होते, आणि थांबले की काहीतरी घेऊनच जात होते. दोघे भाऊ घाबरून समजूत घालायला आले. ताईंनी त्यांना हाकलून लावलं.

"जा हो तुम्ही," त्या म्हणाल्या, "बोलतोय ना आम्ही!"