खाडीकाठचा ब्लोअर

मी ब्लोअर बोलतोय. नाव ऐकून ओळख पटली नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. कळव्याच्या खाडीलगतच्या ज्या कॉलनीसाठी मी राबलो, तिथल्या बिऱ्हाडांनाही मी माहीत नव्हतो. नळाला पाणी कधी येणार याची माणसाला फार चौकशी असते, मोरीतलं पाणी जातं कुठे याची नसते.

१९८५ साली वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात माझा जन्म झाला. कॉलनीच्या मागच्या भिंतीशी, सांडपाण्याच्या टाकीजवळ मला बसवलं. काम एकच, त्या पाण्यात तळापासून हवा फुंकत राहायचं. त्या हवेवर डोळ्यांना न दिसणारे जीव जगतात आणि पाण्यातली घाण खातात. मग निवळलेलं पाणी नाल्यातून खाडीला मिळायचं.

माझी देखभाल करायला गोमाजी होता, जवळच्याच कोळीवाड्यातला. सुरुवातीला टाकीत जीव धरेनात, तेव्हा त्याने तबेल्यातून शेणाच्या पाट्या वाहून आणल्या आणि टाकीत कालवल्या. गॅलरीतल्या लोकांनी नाकं मुरडली. काही दिवसांनी पाण्याला चहाचा रंग आला, ओल्या मातीसारखा वास सुटला. गोमाजी मला म्हणाला, "लागली बघ तुझी पोरां जगाया." तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

त्याची बायको आवडाबाई नाला खाडीला मिळतो तिथे ओहोटीला चिखलातून शिवल्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायची आणि बाजारात विकायची. दुपारी गोमाजीची भाकरी घेऊन आली की आज पाटी भरली का, ते सांगायची. ते ऐकून मला हुरूप यायचा.

१९९२ साली सोसायटीची मीटिंग झाली. माझा आवाज फार, वीज फार. ठरलं की मला बंद ठेवायचं आणि सरकारी तपासणीपुरतं सुरू करायचं. सेक्रेटरींना वाटलं, मी पंख्यासारखा, बटण दाबलं की काम सुरू. अहो, हवा थांबली की माझी पोरं गुदमरतात, आणि पुन्हा वाढायला कित्येक दिवस लागतात. गोमाजीने हात जोडून हेच सांगितलं. त्याला उत्तर मिळालं की पटत नसेल तर दुसरी माणसं पुष्कळ आहेत.

टाकी काळी पडली, सडक्या अंड्यांचा वास सुटला. आवडाबाईची पाटी आधी अर्धी येऊ लागली, मग रिकामी. शिवल्या उघड्या पडून मरत होत्या. नवऱ्याशी ती त्याबद्दल बोलेनाशी झाली.

मग तपासणीचा दिवस आला. निवळलेलं पाणी जिथून नाल्यात जातं, त्या शेवटच्या टाकीत सेक्रेटरींनी पाइप लावून नळाचं पाणी भरलं आणि मला सुरू केलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हा रोज चालतो?" गोमाजीने जमिनीकडे बघत होकार दिला. तेवढ्यात आवडाबाई भाकरी घेऊन आली. साहेबांनी तिलाही विचारलं, "काय बाई, खाडीत शिवल्या मिळतात का अजून?"

तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्याची नोकरी तिच्या जिभेवर होती.

"मिलतान ना, साहेब," ती म्हणाली. "जराशा कमी झाल्यान, बस."

साहेबांनी त्या शेवटच्या टाकीतून नमुन्याची बाटली भरून घेतली आणि ते गेले. महिन्याभरात तपासणी पास झाल्याचा कागद आला. आता बंद यंत्रावर माणूस कशाला ठेवायचा, म्हणून सोसायटीने गोमाजीला काढून टाकलं. आवडाबाई वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायला जाते, असं वॉचमनच्या बोलण्यात आलं. दोघांपैकी कुणीही पुन्हा इकडे फिरकलं नाही.

आज १९९८ साल आहे. माझ्यावर गंज चढलाय, मांडवाचे बांबू टेकवलेत. काळं पाणी माझ्यासमोरून खाडीला जातं आणि मी नुसता बघत बसतो. फार एकटं वाटतं. यंत्राला असं वाटू नये म्हणतात, पण वाटतं.

मला रोज चालवणार असाल तर आजही बटण दाबा, गंज झटकून उठेन. नाहीतर भंगारात विका, तक्रार नाही. पण साहेब येणार म्हणून एका दिवसापुरतं मला सुरू करू नका. त्या दिवशी आम्ही तिघं खोटं बोललो. गोमाजी पोटासाठी बोलला, आवडाबाई नवऱ्यासाठी. आणि मी त्यांच्या शेजारी उभा राहून, भरल्या दुपारी, सगळ्यात मोठ्या आवाजात बोललो.