सुलटा पेला

“उपडा कशाला घालते ती? सुलटा राहू द्या की, वन्सं.”

शिवणयंत्राच्या खडखडाटावरून आलेला अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा तो आवाज वन्संच्या कानात जसाच्या तसा होता. खोली तीच, खिडकी तीच, यंत्रही तेच. आवाजाची धनीणही तिथेच बसली होती, फक्त केस पांढरे झाले होते आणि सुईत दोरा ओवायला आता चष्मा लागत होता. टेबलावर कादंबरीच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पडली होती. शेवटच्या पानावर संपादिकेने पेन्सिलीने एक गोल काढला होता, आणि त्या गोलात एकच शब्द होता: सुलटा.

वन्सं हे काही त्यांचं नाव नव्हे. भावजय तशी हाक मारायची, म्हणून दूधवाला, टपालवाला, खालच्या मजल्यावरची पोरं, सगळेच वन्सं म्हणायला लागले. “उभ्या गल्लीची नणंद झालेय मी,” असं त्या म्हणाल्या की वहिनी मान वर न करता म्हणायची, “जाच मात्र एकटीलाच!”

वन्संची सगळी नोकरी बंदराच्या कचेरीत गेली. परदेशी बोटींवरच्या मालाच्या याद्या आपल्या भाषेत उतरवायच्या, हे काम. ती परकी भाषा त्या शिकल्या दादापायी. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, यंत्रदुरुस्तीच्या कामावर दुसऱ्या खेपेला समुद्रापलीकडे गेला, पहिल्या वर्षी त्याची तीन पत्रं आली आणि पुढे एकही नाही. चौकशी करायची तर तिकडच्या कचेऱ्यांना तिकडच्या भाषेत लिहायला हवं, म्हणून वन्संनी संध्याकाळचा वर्ग धरला. दादाचा पत्ता लागला नाही. भाषा मात्र घरी राहायला आली ती आलीच.

पुढे एका खलाशाने, बोटीवर वाचून झालेली एक कादंबरी जाता जाता त्यांच्या टेबलावर टाकली. दीपगृहाच्या राखणदाराची बायको, तिची गोष्ट. नवरा एका सकाळी होडी घेऊन जातो आणि परत येत नाही. तीनशे पानं ती एकटीने दिवा लावते. शेवटच्या पानावर त्याचा पेला विसळते, फळीवर उपडा घालते, आणि पुस्तक संपतं.

वन्संची अनुवादाची रीत जगावेगळी होती. संध्याकाळी वहिनी शिवायला बसली की त्या तिला आदल्या दिवशीची पानं मोठ्याने वाचून दाखवत. वहिनी शाळेत फारशी गेली नव्हती, पण तिच्या यंत्राला सगळं कळायचं. वाक्य सरळ उतरलं असेल तर पायाखालचा पायटा एका लयीत चालायचा. वाक्य अडखळलं की वहिनीचा हात खाडकन चाकावर पडायचा, आणि वन्सं मुकाट्याने ते वाक्य खोडायच्या. कधीमधी मात्र हात चाकाला न लागता पायच हलके हलके मंदावत जायचा, चाक आपल्याच ओढीने दोन फेरे घेऊन निजायचं. तसं झालं की त्या पानाला वन्सं पुन्हा हात लावत नसत.

शेवटच्या वाक्याला हात चाकावर पडला होता. खाडकन. “उपडा कशाला घालते ती? सुलटा राहू द्या की, वन्सं.”

वन्संनी वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं होतं. दादाला जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. त्यांनी काही विचारलं नाही. घरातल्या फळीवर दादाचा पेला होता, त्याच्याकडेही पाहिलं नाही. एक शब्द खोडला, दुसरा लिहिला. पेला सुलटा झाला आणि यंत्र पुन्हा चालू लागलं.

तो सुलटा पेला दूरवर गेला. पत्रं आली. एका परिचारिकेने लिहिलं, की त्या वाक्यामुळे तिने आपला निघून गेलेला मुलगा मनातून काढून टाकला नाही. एका म्हाताऱ्या शिक्षकाने ते वाक्य भिंतीवर लावलं. वन्संना प्रत्येक पत्राने बरं वाटायचं, आणि प्रत्येक पत्रासरशी तो खोडलेला शब्द आठवायचा.

काल संपादिका आली होती. तरुण, चटपटीत, दोन्ही भाषा येणारी.

“आजी, चोरी पकडलीय हं मी तुमची!” हसत हसत तिने पान पुढे केलं. मग तिचा आवाज उतरला. “तिकडे ही निरोपाची कादंबरी म्हणून वाचतात. आपल्याकडे वाट बघण्याची. एका शब्दाने केवढी उलथापालथ!”

“लेखकाला विचारायला हवं होतं तेव्हाच.”

“आता तर ते नाहीतच. तुम्ही म्हणाल तसं छापू. पण परवा सगळं छापखान्यात जायचंय.”

ती गेल्यापासून वन्संना चैन नव्हतं. परक्या माणसाने विश्वासाने हाती दिलेली वस्तू आपण बदलून ठेवली, हे खरं होतं. आता सरळ करावी, तर पलीकडे यंत्राशी वहिनी बसलेली. पस्तीस वर्षं जिने वाट पाहिली तिच्या डोळ्यांदेखत तो पेला उपडा कसा घालायचा?

शेवटी त्यांनी घसा साफ केला. “वहिनी, ऐकतेस का जरा? शेवटचं पान वाचते.”

“वाचा की. उशांचे अभ्रे आहेत, सरळ शिलाई. कान मोकळेच आहेत.”

वन्सं वाचू लागल्या. बायको जिना उतरली. तिने खिडकी लावली. यंत्र लयीत चाललं होतं. वन्संनी श्वास घेतला आणि मुळात होतं तसं वाचलं, “तिने त्याचा पेला विसळला, आणि फळीवर उपडा घातला.”

त्या खाडकन आवाजाची वाट पाहत राहिल्या. तो आला नाही. पाय मंदावला, चाकाने दोन फेरे घेतले आणि ते निजलं.

“आधी असं नव्हतं,” वहिनी म्हणाली.

“आधी असंच होतं गं. लेखकाने असंच लिहिलंय. तू तेव्हा म्हणालीस म्हणून मी फिरवलं. तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी?” वहिनीने चष्मा काढला. “अगं बाई! पुस्तकवाल्याचं पुस्तक बिघडवलंत, तेही माझ्यासाठी?”

“तू दादाची वाट बघत होतीस. माझ्याने उपडा लिहवेना.”

वहिनी हसायला लागली. पदराने डोळे पुसून पुन्हा हसली. हसणं सरलं तेव्हा हातातला अभ्रा तिने नीट घडी करून मांडीवर ठेवला.

“घाला उपडा. त्या बिचाऱ्याने घातलाय तसा घाला.”

वन्संनी पेन्सिल उचलली. गोलातला शब्द खोडून वर मूळचा लिहिला.

“वन्सं.”

“काय गं?”

“तुम्ही तुमच्या दादाला लिहिलेली सगळी पत्रं मी स्वतः टपालपेटीत टाकली हं. एकही दडवलं नाही. त्यांना उत्तर द्यायचं असतं तर दिलं असतं.”

वन्संनी मान वर केली.

“तिकडे त्यांचं दुसरं कुणी होतं. आधीच्या खेपेपासूनच. निघाले त्या सकाळी मला सांगितलं, रडले. मीच म्हटलं, जा, आणि आता परत येऊ नका. इथलं मी बघते.” वहिनीने दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “एकच मागितलं त्यांनी माझ्याकडे, ‘माझ्या बहिणीला सांगू नकोस. तिच्या नजरेतून उतरायचं नाहीये मला.’ तुम्ही तर त्यांच्यापायी अख्खी भाषा शिकलात. कुठल्या तोंडाने सांगणार होते मी? मी कधीच वाट बघत नव्हते, वन्सं. तो पेला मी तुमच्यासाठी सुलटा ठेवायला सांगितला होता.”