अक-ताला : प्रवासी शून्य

मी बसमधलं कार्डाचं यंत्र बोलतोय. आमचं किर्गिझ शहर डोंगराच्या दिशेने फुगत चाललंय, आणि त्याच्या एका बसमध्ये, पुढच्या दाराशी, मला दांड्याला आवळलंय. प्रवाशाने कार्ड टेकवलं की मी 'टुंग' करतो आणि तो आकडा थेट वाहतूक कचेरीत पोचतो. जिथे टुंग जास्त तिथे बस जास्त, आणि सिग्नलही तिच्यासाठी आधी हिरवा. मला बसवलं त्या दिवशी साहेब म्हणाले होते, "आता बस माणसांच्या मागे धावेल!" मी फुशारून गेलो होतो. अजून लाज वाटते.

आमचा ड्रायव्हर तुरातबेक, तोंडाचा फटकळ पण मनाचा मोठा. बसचा शेवटचा थांबा अक-ताला वस्ती. तिथे चढायची ती म्हातारीच माणसं, तरुण सगळे कामाला रशियात. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी बुरुल आपा, म्हणजे बुरुल आजी, चढायच्या. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. इस्पितळात जाऊन रक्त शुद्ध करून घेतलं, तरच पुढचे दोन दिवस निभायचे.

म्हाताऱ्यांना प्रवास फुकट, पण कार्ड टेकवायचं असतं. आपा दातांनी हातमोजा ओढून कार्ड शोधायला लागल्या की तुरातबेक माझ्या तोंडावर पंजाच ठेवायचा.

"काय हे आपा! मी काय तुमची झडती घेणारे? बसा आधी."

"अरे पोरा, ते यंत्र रागवेल."

"रागवू दे. त्याला कुठे आई आहे!"

मागच्या बाया खिदळायच्या. आपा रुमालातले बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, त्याच्या हातावर ठेवून त्याला तोंडभर आशीर्वाद द्यायच्या. सगळेच ड्रायव्हर असं करत. थोरांकडे कार्ड मागायला कुणाची जीभ रेटणार?

कचेरीला मात्र माझाच आकडा दिसायचा. अक-ताला : शून्य. वर्षभर मी इमानेइतबारे तेच कळवलं. जानेवारीत हुकूम आला, बस आता तीन किलोमीटर अलीकडे, मोठ्या चौकातूनच वळेल.

तुरातबेक भांडायला गेला आणि पडेल चेहऱ्याने परतला. "काय म्हणाले?" दुसऱ्या ड्रायव्हरने विचारलं.

"म्हणतात, तिथे कुणी चढतच नाही. मी म्हटलं, मी रोज बघतो ना! तर म्हणे, यंत्रापेक्षा तुला जास्त कळतं का?"

मला ओरडावंसं वाटलं. पण कार्ड टेकल्याशिवाय मला कंठच फुटत नाही.

दोन आठवडे आपा बर्फावरून चालत चौकात आल्या. ओठ निळे, बोलायला दम नाही. तुरातबेक एकदा बस घेऊन थेट वस्तीत गेला, तर मार्ग सोडला म्हणून त्याला आठवडाभर घरी बसवलं. मग आपा फक्त सोमवारी येऊ लागल्या. मग सोमवारीही आल्या नाहीत.

मार्चमध्ये एका सकाळी चौकात बस रिकामी उभी होती. अक-तालाचे जुमाश आजोबा एकटेच चढले. "बुरुलला मंगळवारी माती दिली," म्हणाले, आणि नेहमीसारखे आत निघाले. तुरातबेकने त्यांचं मनगट धरलं.

"कार्ड टेकवा, आजोबा."

"काय म्हणालास?"

"कार्ड."

"मेल्या, तुझ्या बापाच्या वयाचा मी! माझा हात धरून कार्ड मागतोस? जनाची नाही तर मनाची तरी बाळग!"

"टेकवा हो," त्याचा आवाज फाटला. "आपांना मीच टेकवू दिलं नाही कधी."

आजोबांनी हात हिसडला आणि खाली उतरले. इतका अपमान सोसून बसमध्ये बसणारे ते नव्हतेच. काठी टेकत ते शहराच्या दिशेने चालू लागले. तुरातबेक दार उघडं ठेवून हाका मारत राहिला, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

आता चौकातली फेरीही कमी करायचं चाललंय म्हणतात. कुणीतरी कचेरीत जाऊन सांगा हो, इथे माणसं आहेत. माझ्याच्याने ते होत नाही. त्या सकाळचा चौकाचा आकडाही मी पाठवून दिला, शून्य.